माईक कुणाचा जातो, कुणाला परत मिळतो

एप्रिल 2025 मध्ये ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यातल्या मरूचिडोर इथल्या जिल्हा न्यायालयानं मायकेल स्लेटरला चार वर्षांच्या कैदेची शिक्षा सुनावली. स्त्रीचा गळा दाबणं, तिला मारहाण करून जखमी करणं, तिच्या घरात घुसणं, तिचा पाठलाग करणं अशा सात गुन्ह्यांची कबुली त्यानं दिली होती. वर्षाहून अधिक काळ तो कोठडीतच होता. उरलेली शिक्षा निलंबित झाल्यामुळे त्याची सुटका झाली. बातम्यांचे मथळे मात्र बहुतेक ‘माजी कसोटीवीर आणि लोकप्रिय समालोचकाची घसरण’ याच सुराचे होते. ज्या बाईनं हे सोसलं, ती बातमीच्या कडेला राहिली.

कोण हा स्लेटर?

नव्वदीच्या दशकात क्रिकेट पाहिलेल्यांना हा सलामीवीर नक्की आठवेल. 74 कसोटी, 5312 धावा, 14 शतकं. 1993 साली लॉर्ड्सवर, आपल्या दुसऱ्याच कसोटीत त्यानं 152 धावा केल्या आणि हेल्मेटवरच्या ऑस्ट्रेलियाच्या बोधचिन्हाचं चुंबन घेतलं. मार्क टेलरबरोबरची त्या दिवसाची सलामीची भागीदारी 260 धावांची होती. मुंबईकरांना त्याचं दुसरं रूपही ठाऊक आहे. 2001 मध्ये वानखेडेवर राहुल द्रविडचा झेल आपण घेतल्याचा दावा त्यानं केला. तिसऱ्या पंचांनी तो मानला नाही, तेव्हा स्लेटर पंच वेंकटराघवन आणि खुद्द द्रविडच्या अंगावर धावून गेल्यासारखा बोलत राहिला.

2004 मध्ये निवृत्ती घेतल्यावर तो माईककडे वळला. ऑस्ट्रेलियात आधी चॅनेल नाइन आणि 2018 पासून चॅनेल सेव्हन, शिवाय आयपीएल. उत्साही, भरभर बोलणारा, घराघरात ओळखीचा झालेला आवाज.

काय घडत गेलं?

मे 2021 मध्ये कोविडमुळे आयपीएल थांबली. भारतातून येणाऱ्या ऑस्ट्रेलियन नागरिकांनाही त्यांच्या सरकारनं दार बंद केलं होतं. मालदीवमध्ये अडकलेल्या स्लेटरनं पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांच्यावर जाहीरपणे कडक टीका केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चॅनेल सेव्हननं पुढच्या हंगामाच्या समालोचकांत त्याला घेतलं नाही आणि त्याच महिन्यात घरगुती हिंसेच्या तक्रारीवरून सिडनीत त्याला अटक झाली. म्हणजे करार आधी संपला, अटक नंतर झाली. गुन्ह्यामुळे नोकरी गेली असं सरसकट सांगितलं जातं, ते या क्रमात बसत नाही.

एप्रिल 2024 मध्ये क्वीन्सलँड पोलिसांनी त्याच्यावर एकूण 19 आरोप ठेवले. जामीन नाकारला गेल्याचं ऐकताच तो न्यायालयातच कोसळला. हे दृश्य जगभर छापून आलं. वर्षभरानं शिक्षा देताना न्यायाधीशांनी त्याला तोंडावर सांगितलं, की तू दारूच्या आहारी गेलेला आहेस आणि यातून बाहेर येणं सोपं नाही. व्यसन हा आजार आहे, उपचार मिळायलाच हवेत. पण दारू पिणारा प्रत्येक माणूस बायकोचा किंवा मैत्रिणीचा गळा धरत नाही, हेही तितकंच खरं.

गळा दाबणं हा वेगळा गुन्हा का?

क्वीन्सलँडनं 2016 मध्ये घरगुती नात्यात गळा दाबण्याला स्वतंत्र गुन्हा ठरवलं आणि त्यासाठी सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. कारण साधं आणि भयंकर आहे. गळा दाबल्यावर पुष्कळदा बाहेरून खूण दिसत नाही, त्यामुळे जुन्या कायद्यात ते किरकोळ मारहाणीत जमा होई. प्रत्यक्षात काही सेकंदांत शुद्ध हरपते, आणि ज्या घरात एकदा हात गळ्यापर्यंत गेला तिथे पुढे खून होण्याचा धोका कितीतरी वाढतो. स्लेटरच्या कबुलीत हे कलम होतं. म्हणूनच या प्रकरणाला ‘वैयक्तिक वाद’ म्हणणं मला अजिबात मान्य नाही.

बॉफ आणि अल्बर्ट

आता दोन जुनी उदाहरणं शेजारी ठेवून पाहा. फ्रँक बॉफ हा बीबीसीच्या ‘ग्रँडस्टँड’ या क्रीडा कार्यक्रमाचा अनेक वर्षांचा सूत्रसंचालक. 1983 मध्ये बीबीसीनं सकाळचा ‘ब्रेकफास्ट टाइम’ सुरू केला, तेव्हा लोकरी स्वेटर घालून सोफ्यावर बसलेला हा गृहस्थ ब्रिटिशांना घरचाच वाटू लागला. 1988 मध्ये ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’नं त्याचं कोकेन आणि वेश्यांकडे जाणं छापलं. बीबीसीनं त्याला काढलं. 1991 च्या रग्बी विश्वचषकात तो आयटीव्हीवर दिसला, पण 1992 मध्ये आणखी एक प्रकरण बाहेर आलं आणि पूर्वीचं स्थान त्याला परत मिळालं नाही. 2020 मध्ये तो वारला. कुणाला मारल्याचा आरोप त्याच्यावर नव्हता.

मार्व अल्बर्ट हा अमेरिकन बास्केटबॉलचा आवाज. 1997 मध्ये व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनच्या न्यायालयात, एका स्त्रीच्या पाठीला चावे घेतल्याच्या खटल्यात त्यानं मारहाणीचा गुन्हा कबूल केला. एनबीसीनं तत्काळ काढलं. पण 1998 मध्येच तो न्यूयॉर्कच्या वाहिनीवर परतला, पुढे एनबीसीनंही त्याला परत घेतलं आणि 2021 मध्ये तो मानानं निवृत्त झाला.

मारहाण कबूल केलेल्याला दोन दशकांची दुसरी खेळी मिळाली, बॉफला मिळाली नाही. वाहिन्या गुन्ह्याचं वजन मोजत नाहीत, लाज किती वाटेल ते मोजतात, असाच याचा अर्थ मी लावतो.

करार कसा संपतो?

समालोचक बहुधा हंगामापुरत्या करारावर असतो. त्याला बडतर्फ करावं लागत नाही, नव्या यादीत नाव घातलं नाही की झालं. चौकशी नाही, कारणही द्यावं लागत नाही. आपल्याकडे मायदेशातल्या सामन्यांचे समालोचक क्रिकेट मंडळच निवडत आलं आहे. मार्च 2020 मध्ये मुंबईच्या संजय मांजरेकरला मंडळानं यादीतून वगळलं. त्याचं कुठलंही लफडं नव्हतं. आदल्या वर्षी रवींद्र जडेजाबद्दलच्या त्याच्या शेऱ्यावरून वादळ मात्र उठलं होतं. स्पष्ट बोलणं आणि स्त्रीला मारणं या दोन्हींवर एकच उपाय, तोही मुकाट्यानं, हे मला घातक वाटतं. करारात हिंसेच्या गुन्ह्यासाठी स्वतंत्र कलम हवं, चौकशी हवी आणि निर्णयाचं कारण जाहीर व्हायला हवं.

वाचकांसाठी

भारतात 2005 चा घरगुती हिंसाचार प्रतिबंधक कायदा विवाहित स्त्रीइतकाच लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या स्त्रीलाही लागू आहे. संरक्षणाचा आदेश, राहत्या घरात राहण्याचा हक्क, आर्थिक मदत हे सगळं त्यात मागता येतं. मदतीसाठी 181 हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक आहे, तातडीच्या वेळी 112 लावा. ओळखीतल्या एखादीनं गळा दाबल्याचं सांगितलं, तर ते भांडण समजून सोडून देऊ नका. तिला त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.