डोळ्यांची लाली आणि औषधाचे थेंब

ग्रीष्मात फूलबागेच्या मैदानावरून लू आणि धूळ अंगावर घेत घरी परतावे, तो डोळे लालबुंद झालेले असतात. मग फळीवरील लाली घालविणाऱ्या थेंबांची कुपी हाती येते. तीतील नॅफाझोलिन अथवा टेट्राहायड्रोझोलिन हे द्रव्य डोळ्याच्या शुभ्र भागावरील सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचित करते. काही मिनिटांतच डोळा निर्मळ दिसतो. पण लालीचे कारण, मग ते धूळ असो वा संसर्ग, तसेच राहते. नित्य वापर केल्यास औषधाचा अंमल ओसरताच त्या वाहिन्या पूर्वीहून अधिक फुगतात. रोग्यास वाटते, विकार बळावला. वस्तुतः ते औषधाचेच अपत्य! म्हणून प्रथम स्वच्छ, गार पाण्याने डोळे धुवावेत, चोळू नयेत. थेंब घातलेच तर कुपीचे टोक पापणीस लागू देऊ नये, आणि तीन दिवसांपलीकडे जाऊ नये. वेदना, अंधुक दृष्टी किंवा दिव्याभोवती रंगीत वलये जाणवल्यास थेंबांच्या नादी न लागता त्याच दिवशी नेत्रवैद्य गाठावा. तो काचबिंदू असू शकेल. घरात लहान भावंडे असतील तर कुपी कुलपात हवी. हे द्रव्य अल्प प्रमाणात जरी पोटात गेले, तरी मूल गुंगीत जाते आणि त्याची नाडी मंदावते.