गुणवत्तेचा ओळंबा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

गवंड्याच्या पिशवीत थापीबरोबर एक ओळंबा असतो. ओळंबा विटा रचत नाही की सिमेंट कालवत नाही. भिंत सरळ आहे की कलली आहे, एवढेच तो सांगतो. आज ज्या विषयावर मला बोलायचे आहे, ते 'संदर्भ आराखडे' म्हणजे संस्थांच्या हातातले असे ओळंबेच आहेत. एखाद्या उद्योगातली जाणती माणसे एकत्र बसतात आणि काम चांगले व्हायचे तर कोणत्या पायऱ्या असाव्यात, कुठे काय तपासावे, काय लिहून ठेवावे, हे ठरवतात. आपण आपले काम त्याच्याशेजारी ठेवून पाहायचे, म्हणजे फट कुठे आहे ते दिसते.

हा विषय कारखान्यांचा, संगणक कंपन्यांचा, असे कोणी म्हणेल. मी उदाहरण द्राक्षाचे घेणार आहे. तासगाव, मिरज, खानापूर आणि तिकडे साताऱ्यात माण-खटावपर्यंत द्राक्षबागा पसरल्या आहेत. निर्यात करणाऱ्या बागायतदारांच्या एका गटाचे अंतर्गत निरीक्षण मी करतो. म्हणजे दुसऱ्याच्या बागेत जाऊन औषधांची खोली उघडायला लावायची आणि वही मागायची. फार लोकप्रिय काम नव्हे!

मुळात अशा आराखड्याची गरज का पडते? द्राक्ष घ्या. घडात कीडनाशकाचा अंश उरला आहे की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही आणि चवीला कळत नाही. ते प्रयोगशाळेतच कळते आणि त्यासाठी नमुना वाटून त्याचा लगदा करावा लागतो. तपासलेला घड विकता येत नाही आणि विकलेला घड तपासलेला नसतो. नेमका हाच पेच १९५९-६० च्या सुमारास अमेरिकेत अंतराळवीरांचे अन्न तयार करणाऱ्या पिल्सबरी कंपनीपुढे होता. प्रत्येक पुडी फोडून तपासली तर अंतराळात न्यायला काय उरणार? त्यातून तयार मालापेक्षा माल तयार होण्याच्या पायऱ्यांवर नजर ठेवायची पद्धत पुढे आली. तिला आज 'हॅसॅप' म्हणतात आणि जगभरच्या अन्नउद्योगात ती वापरली जाते.

शेतीसाठी असाच आराखडा युरोपातल्या किरकोळ विक्रेत्यांनी १९९७ साली हाती घेतला. त्याचे नाव 'युरेपगॅप'. २००७ मध्ये ते 'ग्लोबलगॅप' झाले. यातल्या अटी तीन प्रतींच्या आहेत. मोठ्या बंधनकारक अटी शंभर टक्के पाळाव्याच लागतात. छोट्या बंधनकारक अटींपैकी ९५ टक्के पाळल्या तर चालते. उरलेल्या नुसत्या शिफारशी. औषध कोणते, किती, कधी आणि कोणी मारले, फवारणी आणि काढणी यांत किती दिवस गेले, पाणी कुठले, मजुरांना हात धुवायची सोय आहे का, रिकाम्या बाटल्यांचे काय केले, असे ते प्रश्न असतात.

दोन-तीन एकरवाल्याला हे एकट्याने परवडत नाही. म्हणून गटाची सोय आहे. गटातल्या सगळ्या बागा आधी गटाच्या निरीक्षकाने पाहायच्या. मग बाहेरची प्रमाणन संस्था सभासदसंख्येच्या वर्गमुळाइतक्या बागा निवडून तपासते. ४९ सभासद असले तर ७ बागा. त्या सातांत मोठी गडबड निघाली तर प्रश्न साऱ्या गटाच्या प्रमाणपत्राचा होतो. त्यामुळे एरवी बांधावरून न बोलणारे दोघे शेजारी 'तुझी वही पुरी झाली का' म्हणून एकमेकांना फोन करताना मी पाहिले आहेत.

वहीबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण सारी मेख तिथे आहे. तपासणीच्या आदल्या रात्री लिहिलेली वही ओळखायला निरीक्षकाला अर्धा मिनिट पुरतो. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत एकच पेन, एकच शाई, कुठे मातीचे बोट नाही, औषधाचा डाग नाही. खरी वही मळकी असते. तिच्यात खाडाखोड असते, मधेच मुलाचे अक्षर असते, एखाद्या दिवशी 'पाऊस, ब्लोअर चिखलात अडकला, उरलेल्या चार ओळी उद्या' असे असते. अशी वही पाहिली की मला बाकीचे प्रश्न विचारायची फारशी गरज वाटत नाही.

बागायतदार आळशी असतो म्हणून वही आदल्या रात्री लिहिली जाते, असे मला वाटत नाही. बऱ्याचदा तक्ताच परका असतो. इंग्रजी रकाने, औषधाचे रासायनिक नाव, हेक्टरचा हिशेब. आमच्याकडे माणूस एकरात आणि गुंठ्यांत विचार करतो, आणि औषध ओळखतो ते बाटलीवरच्या कंपनीच्या नावाने. आमच्या गटात तक्ता मराठीत केला, मोजमाप एकरात घेतले, आणि वही घरातल्या कपाटाऐवजी औषधे कालवतात तिथे भिंतीला दोरीने टांगली. हेक्टरचा हिशेब आता मी करतो, आराखड्यातली अट एकही कमी झालेली नाही, आणि वह्या मळायला लागल्या आहेत. परका आराखडा आपल्या अंगणात आणताना भाषांतर करावे लागते ते असे.

आता ओळंब्याच्या मर्यादेकडे येतो. २००३ साली नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत कीडनाशकांचे अंश सापडले आणि मोठी खळबळ झाली. त्यानंतर केंद्र सरकारच्या 'अपेडा' या संस्थेने अंश तपासणीची योजना सुरू केली आणि २००६ मध्ये 'ग्रेपनेट' आले. प्रत्येक निर्यातक्षम बागेची कृषी खात्याकडे नोंद होऊ लागली. काढणीपूर्वी नमुना प्रयोगशाळेत जायचा आणि पास झाला तरच माल पुढे. युरोपातल्या दुकानातली पेटी कोणत्या गावच्या कोणत्या बागेतून आली, हे संगणकावर शोधता येऊ लागले. प्रयोगशाळांवर लक्ष ठेवण्याचे काम पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे होते. व्यवस्था खरोखरच चांगली होती.

आणि तरीही २०१० चा हंगाम बुडाला. 'क्लोरमेक्वाट क्लोराइड' नावाचे एक वाढनियंत्रक आहे. आपल्याकडे ते 'लिहोसिन' या नावाने प्रसिद्ध. ते मुख्यतः खरड छाटणीनंतर मारायचे, म्हणजे फुटींची वाढ आवरते आणि काडीत घड चांगला तयार होतो. सगळ्यांना ठाऊक असलेले, उघडपणे विकले जाणारे. पण ना कीडनाशक, ना बुरशीनाशक, त्यामुळे तपासणीच्या यादीत त्याचे नाव नव्हते. आपल्या प्रयोगशाळांनी ते शोधलेच नाही. युरोपात शोधले गेले. तिथली मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे वीस किलो द्राक्षांत एक मिलिग्रॅम. कंटेनर बंदरावर अडकले, निर्यातदारांचे कोट्यवधी रुपये गेले, आणि कित्येक बागायतदारांचे पैसे निर्यातदारांकडे अडकले. ज्याच्या हातात सगळ्या तपासण्या पास झाल्याचा अहवाल होता, त्यालाही सुटका नव्हती.

ओळंब्याने भिंत सरळ असल्याचे सांगितले होते, आणि ती सरळच होती. वीट कच्ची आहे का, हे त्याला कोणी विचारलेच नव्हते. त्यानंतर ते रसायन यादीत आले. यादी आता दरवर्षी नवी निघते, आणि कोणते औषध काढणीच्या किती दिवस आधी थांबवायचे तेही तिच्यात असते. पण यादी मागच्या वर्षीचा अनुभव पाहून बनते, हे लक्षात ठेवावे लागते. शिवाय जर्मनीतल्या काही दुकानसाखळ्या कायद्याच्या मर्यादेच्या एकतृतीयांशच अंश चालेल म्हणतात. विकत घेणारा नियम करतो आणि खर्च पिकवणाऱ्याच्या माथी येतो, ही बागायतदाराची तक्रार मला रास्त वाटते. नियमांसाठी हात धुवायची टाकी, संरक्षक कपडे, स्वच्छतागृह उभारायला लागले, त्याचा फायदा बागेत विरळणी-डिपिंगला येणाऱ्या बायकांना झाला, हेही तितकेच खरे.

द्राक्षाला जे लागू, ते इतर संस्थांनाही लागू पडते. महाविद्यालयांसाठी १९९४ पासून 'नॅक' आहे, रुग्णालयांसाठी 'एनएबीएच' आहे. संगणक कंपन्यांसाठी अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संस्थेने पाच पायऱ्यांचा आराखडा केला, तो मला विशेष आवडतो. त्यातल्या पहिल्या पायरीवरच्या संस्थेत काम चालते ते दोन-चार हुशार माणसांच्या जिवावर. ती माणसे रजेवर गेली की काम अडते. हे वर्णन वाचून आपली पतसंस्था, दूध संघ, शाळेचे कार्यालय डोळ्यांपुढे आले नाही, असा माणूस विरळा. आयएसओचेही असेच. शाळा-अंगणवाड्यांच्या भिंतींवर 'आयएसओ मानांकित' अशी ठळक पाटी दिसते. आयएसओ स्वतः कोणालाही प्रमाणपत्र देत नाही. ती मानके लिहिते, प्रमाणपत्र बाहेरची दुसरीच संस्था देते. पाटी पाहिली की मला विचारावेसे वाटते, तपासणीत काय काय चुकीचे निघाले आणि त्याचे पुढे काय केलेत? एकही चूक निघाली नसेल, तर तपासणी झाली होती का, हाच प्रश्न.

आमच्या गटाची बैठक आता एप्रिलमध्ये, खरड छाटणीच्या आधी होते. पूर्वी ती डिसेंबरात व्हायची, तेव्हा जे मारायचे ते मारून झालेले असायचे. बैठकीत नवी यादी वाचतो, काय वाढले, काय गेले ते सांगतो. आणि वहीत एक पान जास्त जोडले आहे, जे कोणत्याही आराखड्यात नाही. यादीत नसलेले पण बागेत घातलेले सगळे तिथे लिहायचे. दुकानदाराने फुकट दिलेली पुडी, 'सेंद्रिय आहे, बिनधास्त मारा' म्हणून खपवलेले टॉनिक, पाहुण्याने सांगितलेला काढा. नमुना प्रयोगशाळेत पाठवण्यापूर्वी मी ते पान आधी पाहतो, आणि त्यातले काही संशयास्पद वाटले तर ते वेगळे तपासायला सांगतो. पहिल्या वर्षी बहुतेकांचे ते पान कोरे होते. गेल्या वर्षी एका तरुण बागायतदाराने ते दोन्ही बाजूंनी भरले होते आणि खाली विचारले होते, 'आणखी एक पान मिळेल का?'