खुर्चीची खालची बाजू

जुन्या फर्निचरच्या इंग्रजी कॅटलॉगात खुर्चीच्या वर्णनात ‘रश सीट’ एवढंच लिहिलेलं असतं. पाण्यात उगवणाऱ्या लांब काड्या वाळवून, त्यांना पीळ देऊन विणलेली बैठक म्हणजे रश सीट. व्हिन्सेंट व्हॅन गॉगनं १८८८ साली आर्लमध्ये रंगवलेली, पाइप आणि तंबाखूची पिशवी ठेवलेली पिवळी खुर्ची अशाच बैठकीची आहे. त्याच्या मायदेशात, नेदरलँड्समध्ये, या खुर्च्या स्वयंपाकघरात असत आणि चर्चमध्येही. आज त्या जुन्या बाजारात स्वस्तात मिळतात, बहुतेक वेळा बैठक फाटलेल्या. ती नव्यानं विणणाऱ्याला डच लोक ‘स्टूलेनमाटर’ म्हणतात. उत्रेख्तजवळच्या एका गावात असं काम करणाऱ्या बाईंच्या हाताखाली मी हे शिकत आहे.

काडीचं डच नाव ‘बीस’. तुकोबांच्या अभंगातला लव्हाळा याच कुळातला. बीस मात्र माणसापेक्षा उंच वाढते, काही ठिकाणी तीन मीटरपर्यंत. काडी गोल, पेर नसलेली, आतून स्पंजासारखी हवेनं भरलेली. भर उन्हाळ्यात पाण्यात उभं राहून ती विळ्यानं बुडाशी कापतात आणि वाळवून जुड्या बांधतात.

या वनस्पतीनं देशाच्या नकाशावर नाव कोरलं आहे. १४२१ च्या नोव्हेंबरमधल्या सेंट एलिझाबेथच्या पुरानंतर दक्षिणेकडे जो पाणथळ प्रदेश तयार झाला, तो बीसबॉस. भरतीच्या पाण्याबरोबर येणारा गाळ अडावा म्हणून लोक तिथे बीस लावत. जमीन थोडी वर आली की बोरू, आणखी वर आली की विलो. विणकामाची काडी ही जमीन कमावण्याच्या कामातली पहिली पायरी होती. १९७० मध्ये हारिंगव्हलीटचं धरण बंद झालं, सुमारे दोन मीटरची भरती-ओहोटी काही वितींवर आली आणि बीसची बनं आटली. उत्तरेकडे झ्वार्ते वाटर नदीवरच्या खेनेमाउडन गावात याच काडीच्या चटया विणल्या जात. त्या धंद्यातूनच पुढे तिथले गालिच्यांचे कारखाने उभे राहिले.

कोरडी काडी वाकवली की मोडते. म्हणून आदल्या दिवशी तिला पाणी दाखवून ओल्या कापडात गुंडाळून ठेवतात. “मऊ हवी, चिंब नको,” असं बाई सांगतात. चिंब काडी वाळल्यावर फार आकसते आणि वीण सैल पडते. मग एकेक काडी ओल्या फडक्याच्या चिमटीतून ओढायची. आतली हवा बाहेर पडते, बारीक फटफट आवाज येतो, काडी चपटी होते.

दोन काड्या जोडीनं घेतात, एकीचं बूड आणि दुसरीचा शेंडा एकत्र, म्हणजे दोरीची जाडी सारखी राहते. खुर्चीची चौकट पुढे रुंद, मागे अरुंद असते. त्यामुळे आधी पुढचे दोन कोपरे वेगळे भरून घ्यावे लागतात. उरलेलं अंतर मागच्या दांडीएवढं झालं की चारही कोपऱ्यांतून फेरा सुरू होतो. पुढच्या दांडीवरून खाली, मधल्या पोकळीतून वर, बाजूच्या दांडीवरून खाली, मग थेट समोरच्या बाजूकडे. प्रत्येक कोपऱ्यात दोरी काटकोनात वळते आणि फेरा वाढत गेला की चार त्रिकोण मध्याकडे सरकू लागतात. पाहणाऱ्याला वाटतं, चार तुकडे विणून जोडले आहेत. खरं तर ती एकच दोरी असते, नवी काडी जोडत जोडत लांबवलेली.

पीळ द्यायचा तो फक्त दिसणाऱ्या भागाला, म्हणजे वर आणि दांडीच्या कडेवर. खालून जाणारी काडी सपाट राहते, गाठीही तिथेच मारतात. वरचा आणि खालचा थर यांच्यामध्ये खिसे तयार होतात. गादीत कापूस भरावा तसे त्यांत कोरड्या काड्यांचे तुकडे लाकडी पट्टीनं ठासून भरायचे. या कामाला वेळ लागतो आणि काम संपल्यावर ते दिसत नाही. पण बैठकीचं आयुष्य त्यावरच असतं. भरण कमी पडलं की दोऱ्या दांडीच्या कडेवर घासतात आणि पुढची कड आधी तुटते.

बाई तपासणी बोटांनी करतात. बैठकीवरून अंगठा फिरवला की कुठे ताण उतरला, कुठे खिसा पोकळ राहिला ते त्यांना कळतं. युरोपात आणि भारतातही अंध शाळांनी खुर्ची विणण्याचं काम शिकवलं, ते यामुळेच. आपल्याकडे सरकारी कचेऱ्यांतल्या वेताच्या जाळीच्या खुर्च्या अंध कारागिरांनी विणलेल्या पाहिलेले अनेकजण असतील. तो वेत आशियाचा. सतराव्या शतकातल्या सागरी व्यापारातून तो युरोपात पोचला आणि दिवाणखान्यात गेला. बीस मात्र घरच्या पाण्यातली, गरिबाच्या खुर्चीची.

आता विक्रेते ‘रश’ हा शब्द कागदी दोरीलाही लावतात. कागदी दोरी हलक्या दर्जाची नसते. डॅनिश फर्निचर-रचनाकार हान्स वेग्नरच्या १९४९ च्या प्रसिद्ध विशबोन खुर्चीत ती सुमारे १२० मीटर लागते. पण तिची जाडी यंत्रानं सारखी केलेली असते. खऱ्या काडीत रंग हिरव्यापासून तपकिरीपर्यंत बदलतो आणि दोरी किंचित जाड-बारीक होते.

जुनी रश सीट घेताना खुर्ची उलटी करून पाहावी. भरण घट्ट आहे का, काड्या ठिसूळ झाल्या आहेत का, पुढच्या दांडीची कड झिजली आहे का, हे तिथे कळतं. घरात हीटर असेल तर खुर्ची त्यापासून दूर ठेवावी आणि अधूनमधून ओल्या फडक्यानं पुसावी. एवढ्यावर ती बैठक अनेक दशकं टिकते. विणकराचा मेहनताना कधीकधी खुर्चीच्या किमतीहून जास्त होतो. तो द्यावा, कारण त्यातला मोठा वाटा त्या न दिसणाऱ्या भरणाचा असतो, आणि त्यासाठी लागणारे शिकलेले हात पैसे मिळाले तरच पुढच्या पिढीत तयार होतील.