मरेक्स : कोंबडीच्या विषाणूजन्य कर्करोगाविषयीचे गैरसमज

परसातली कोंबडी पाय ओढू लागली की मानमोडी आणि एकाएकी मेली की बर्ड फ्लू, असा निष्कर्ष लातूर व नांदेड जिल्ह्यांत सहज काढला जातो. जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लूचा विषाणू आढळल्यानंतर ही भीती समजण्यासारखीही आहे. मात्र एक पाय पुढे आणि एक मागे ताणून पडलेली, हळूहळू वाळत जाणारी तलंग बहुधा तिसऱ्याच रोगाकडे बोट दाखवते. हंगेरीचे पशुवैद्यक योझेफ मरेक यांनी १९०७ मध्ये वर्णिलेला हा मरेक्स रोग हर्पिस गटातील विषाणूमुळे होतो आणि त्यात टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, कर्करोगग्रस्त होऊन मज्जातंतूंत, यकृतात व अंडाशयात साचतात.

यकृतावर गाठी दिसल्या म्हणजे तो मरेक्सच, हेही खरे नाही, कारण ल्युकोसिस या दुसऱ्या विषाणूजन्य रोगातही तशाच गाठी होतात. त्या मात्र बी-पेशींच्या, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या दुसऱ्या प्रकाराच्या, असतात आणि नुसत्या डोळ्यांनी फरक करता येईलच असे नाही, म्हणून प्रयोगशाळेत पेशींच्या ओळखखुणा, म्हणजे त्यांच्यावर वा त्यांच्यात आढळणारी विशिष्ट प्रथिने, तपासली जातात. मरेक्सच्या गाठीतील पेशींवर सीडी-४ आणि प्रमाणाबाहेर वाढलेले सीडी-३० आढळते, तसेच त्यांत विषाणूचे ‘मेक’ हे कर्करोगकारक प्रथिन असते, तर ल्युकोसिसच्या पेशींवर आयजीएम असते. हा भेद पुस्तकी नाही : ल्युकोसिस अंड्यातून पिलात उतरतो, मरेक्स उतरत नाही, तो पिसांच्या मुळांतून झडणाऱ्या कोंड्यातून व धुळीतून श्वासावाटे पसरतो.

सीडी-३० माणसाच्या हॉजकिन लिम्फोमा या कर्करोगातही दिसते, पण ओळखखूण सारखी म्हणून रोग कोंबडीपासून माणसाला होतो असे मुळीच नाही. माणसातील विषाणूजन्य टी-पेशी कर्करोगाला कारणीभूत ठरणारा एचटीएलव्ही-१ हा अगदी वेगळ्या कुळातील विषाणू आहे.

सर्वांत चिवट गैरसमज लसीविषयीचा आहे. सुमारे १९७० पासून वापरात आलेली, टर्कीच्या निरुपद्रवी हर्पिस विषाणूपासून केलेली लस ही कर्करोग रोखणारी पहिली यशस्वी लस मानली जाते, परंतु ती गाठी रोखते, संसर्ग नव्हे. लस टोचलेला पक्षीही विषाणू बाहेर टाकत राहतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले की अतिजहाल विषाणूने बिनलसीचे पक्षी फारसा प्रसार करण्याआधीच मेले, तर लस घेतलेले जगले आणि तो दीर्घकाळ पसरवत राहिले. अमेरिकेत विषाणूची जहालता टप्प्याटप्प्याने वाढली आणि लशी बदलाव्या लागल्या. नेदरलँड्समध्ये मिळालेली रिस्पेन्स लस अमेरिकेत १९९० च्या दशकात आली. प्रदेशागणिक विषाणू व लसीकरणाचा इतिहास वेगळा असल्याने तिकडची जहालतेची श्रेणी इकडच्या कळपाला जशीच्या तशी लावणे चूक ठरते.

लस सहसा पिलाला पहिल्याच दिवशी, उबवणी केंद्रातच मानेच्या कातडीखाली दिली जाते. गाठी दिसल्यावर ती निरुपयोगी आहे. म्हणून पिल्ले घेताना मरेक्सची लस दिली आहे का हे विचारावे, त्यांना जुन्या कोंबड्यांपासून दूर ठेवावे, आणि एकाच वेळी अनेक पक्षी दगावले तर त्यांना हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्याला तत्काळ कळवावे.