माळावरचा माल्टिपू

सातारा जिल्ह्याच्या औंध-वडूज भागातल्या शेतकऱ्याला संकर म्हणजे काय, हे शिकवावं लागत नाही. मालदांडी ज्वारीचं बी घरच्या कणसातून राखता येतं, संकरित मक्याचं मात्र दरवर्षी दुकानातून आणावं लागतं, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. १९६४ साली सीएसएच-१ हे ज्वारीचं संकरित वाण आलं आणि ‘हायब्रीड’ हा शब्द खेडोपाडी रुळला. आता तोच शब्द कुत्र्यांच्या बाजारात चालतो. पुण्या-मुंबईला असलेला मुलगा सुट्टीला येताना कुरळ्या केसांचं एक पिल्लू घेऊन येतो आणि सांगतो, “हायब्रीड आहे, आजारी पडत नाही. केस गळत नाहीत, ॲलर्जीही होत नाही.” हे पिल्लू म्हणजे माल्टिपू. माल्टीज आणि टॉय पूडल यांचा हा संकर मोठेपणी साधारण दोन ते सहा किलोंचा भरतो. नीट सांभाळला तर बारा-पंधरा वर्षं साथ देतो. माणसांचा त्याला भारी लळा, म्हणून एकटं ठेवलं की तो भुंकून घर डोक्यावर घेतो.

मक्याचा संकर जोमदार निघतो, कारण त्याचे दोन्ही पालक वाण पिढ्यान् पिढ्या शुद्ध राखलेले आणि एकमेकांपासून दूरचे असतात. एकातली उणीव दुसरा झाकतो. माल्टीज आणि टॉय पूडल या दोघांनाही गुडघ्याची वाटी सरकण्याचा त्रास असतो, दोघांच्याही हिरड्या लवकर बिघडतात. उणीवच सारखी असेल तर ती झाकणार कोण? पिल्लू चालता चालता मागचा एक पाय उचलतं, दोन-चार पावलं तीन पायांवर उड्या मारतं आणि पुन्हा काही झालंच नाही असं पळू लागतं. घरच्यांना ती लाडीक चाल वाटते. खरं तर ती वाटी सरकल्याची खूण असते आणि तेव्हाच डॉक्टरांना दाखवायला हवं.

ब्रिटनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने २०२४ मध्ये कॉकापू, कॅव्हापू आणि लॅब्राडूडल या तीन लोकप्रिय संकरांची त्यांच्या पालक जातींशी तुलना प्रसिद्ध केली. नऊ हजारांवर कुत्री, ५७ आजार. बहुतेक आजारांत संकरित आणि शुद्ध कुत्र्यांत फरक आढळला नाही. माल्टिपू त्या यादीत नव्हता, पण ‘हायब्रीड म्हणजे निरोगी’ या समजुतीचा पाया किती कच्चा आहे, ते यातून दिसतं.

ॲलर्जीचं म्हणाल, तर ती मुळात केसांमुळे होत नाही. कुत्र्याच्या लाळेतली आणि कोंड्यातली प्रथिनं ती घडवतात. २०१२ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी ‘ॲलर्जीमुक्त’ म्हणवणाऱ्या जातींच्या केसांत यातलं प्रमुख प्रथिन मोजलं. ते इतर कुत्र्यांपेक्षा कमी नव्हतं, उलट जास्त भरलं. लॅब्राडूडलचा जन्मही ॲलर्जीपायीच झाला. ऑस्ट्रेलियातल्या वॉली कॉनरन यांनी १९८९ मध्ये हवाईतल्या एका अंध बाईंसाठी हा संकर केला, कारण त्यांच्या पतींना कुत्र्याची ॲलर्जी होती. तीन पिल्लं झाली, त्यातलं एकच त्यांना चाललं. एकाच विणीतली, एकाच आईबापांची पिल्लं! पुढे या संकराचा बाजार झाला आणि कॉनरन यांनी त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली.

कमी गळणारे केस माल्टीज आणि पूडल या दोघांकडूनही येतात, पण प्रत्येक पिल्लात सारखे येत नाहीत. न गळणारा केस वाढत राहतो, गुंततो आणि त्याच्या जटा होतात. म्हणून रोज विंचरणं आणि दर दीड-दोन महिन्यांनी कातरणं आलंच. औंधच्या माळावर तर याला पर्यायच नाही. पावसाळा संपला की कुसळी गवत वाळतं. त्याच्या कुसळाला मागे वळलेले बारीक काटे असतात, त्यामुळे ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. कुरळ्या केसांत अडकलेलं कुसळ बोटांच्या बेचक्यातून कातडीत शिरतं, कानात गेलं तर कुत्रं डोकं एका बाजूला झुकवून झटकत राहतं. फिरून आल्यावर चारही पंजे उलटे करून बोटं फाकवून पाहा. सराटेही तिथेच सापडतील.

त्याच केसांत गोचीडही लपतात. त्यांच्यामुळे होणारे एर्लिकिओसिस आणि बबेसिओसिस हे रक्ताचे आजार लहान कुत्र्याला पाहता पाहता खंगवतात. गोठ्यातलं जनावरांचं गोचीडनाशक याच्यावर कधीही वापरू नका. चारशे किलोंच्या म्हशीसाठीच्या औषधाचा अंदाजाने दिलेला थेंबही चार किलोंच्या जिवाला महागात पडू शकतो.

खटाव-माणपासून तासगावपर्यंतच्या घरांना आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विषारी आहेत. त्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात आणि किती खाल्ल्यावर होतील, याचा नेम नाही. टार्टारिक आम्ल हे त्यामागचं कारण असावं, असा अलीकडचा कयास आहे. शेडवर बेदाणा निवडताना खाली पडलेले चार मणी यानं टिपले, तर उलटी होण्याची वाट न बघता डॉक्टर गाठा. कांदा-लसूणही वर्ज्य.

उन्हाळ्यात फिरणं पहाटे किंवा दिवेलागणीनंतर. एवढ्याशा कुत्र्याचं पोट तापलेल्या डांबरापासून वीतभरच उंच असतं आणि अंग गार करायला त्याच्याकडे धापा टाकण्याखेरीज फारसा उपाय नसतो. धाप थांबेना, पाय लटपटू लागले, तर साध्या पाण्याने भिजवून वारा घाला आणि लगेच दवाखान्यात न्या. ऊन लागतं म्हणून केस मुळापर्यंत भादरू नका, कातडी भाजते. गळ्यात पट्ट्याऐवजी छातीवरचा हार्नेस बरा, कारण या जातींची श्वासनळी नाजूक असते. पार्व्हो, डिस्टेंपर आणि रेबीजच्या लसी वेळेवर द्या. मोठी तपासणी लागलीच, तर शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय सातारा जिल्ह्यातच आहे.

पिल्लू आणायचंच ठरलं असेल, तर आधी त्याची आई बघायला मागा. आईबापांच्या गुडघ्यांची आणि डोळ्यांची तपासणी झाली आहे का, ते विचारा. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार पैदास करणाऱ्याला नोंदणी बंधनकारक आहे आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. आई दाखवायला जो नकार देतो, त्याच्याकडून पिल्लू घेऊ नका.