काळा पर्वत आणि पांढरा पर्वत

आमचा धाकटा नातू नोकरीनिमित्त जपानात असतो. तो निघाला त्या वेळी आम्ही सहज बोलून गेलो, "बाळ, तिकडच्या एखाद्या ज्वालामुखीच्या माथ्यावरचा फोटो आणल्यावाचून येऊ नकोस." वैशाखात तो शहाडास आला, तेव्हा घरची सारी मंडळी फोटो पाहावयास जमली.

पर्वत होता होक्काइदो बेटावरील योतेई. उंची १८९८ मीटर. म्हणजे आमच्या कळसूबाईहून अवघी २५२ मीटर अधिक. दोघांचे कुळही एकच, अग्नीचे. सह्याद्रीचे थर सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे. शहाडाहून मुरबाडमार्गे माळशेज घाटात जाणाऱ्यांनी ते मजल्यांप्रमाणे रचलेले पाहिले असतील. नैर्ऋत्येचे वारे आमच्या घाटमाथ्यावर पाऊस पाडतात, तसे हिवाळ्यात सैबेरियाकडील वारे जपानच्या समुद्रावरून बाष्प घेऊन तेथे हिम पाडतात.

वसंतात लोक या हिमावर स्की नावाच्या लांब पट्ट्या पायांस बांधून चढतात. पट्टीच्या तळाशी एका दिशेची लव असलेले कापड चिकटविलेले असते; त्यामुळे पट्टी पुढे सरकते, मागे घसरत नाही. माथा गाठला की कापड काढावयाचे व घसरत उतरावयाचे.

फोटो घेणे मात्र सोपे नव्हे. कॅमेऱ्याचे यंत्र समोरील दृश्य मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून चालते. म्हणून शुभ्र हिम मळकट उमटते, व प्रकाश एक-दोन पायऱ्या वाढवावा लागतो. आमच्या काळ्या कातळाचे नेमके उलट. तो फिकट उमटतो, तेथे प्रकाश कमी करावा लागतो. थंडीत बॅटरी लवकर दम सोडते, म्हणून नातू ती आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवी.

फोटो संपले. आजीने विचारले, "माथ्यावरचा कुठे रे?"

"तो नाही, आजी. माथा अर्ध्या तासावर राहिला होता. पण हिम मऊ होऊन पाय गुडघ्यापर्यंत रुतू लागले, म्हणून परतलो."

मग त्याने कारण सांगितले. वसंतात रात्री हिम गोठून कठीण होते. सकाळच्या उन्हाने वरचा थर दाणेदार होतो, आणि तेवढाच काळ उतरण्यास उत्तम. पुढे पाणी आत मुरते, थरांची पकड सुटते, आणि अख्खी उतारभर हिमराशी कोसळू शकते. म्हणूनच पहाटेच्या अंधारात निघावयाचे व दुपारपूर्वी खाली यावयाचे.

घरात क्षणभर कोणी बोलले नाही. आम्हांस आमचेच शब्द आठवले. नातू आज्ञाधारक, त्या दिवशी त्याने आमचे ऐकले असते तर?

शेवटच्या फोटोत खाली वळलेल्या त्याच्या दोन रेषा तेवढ्या दिसतात. तोच आम्ही देवघराशेजारच्या भिंतीवर लाविला आहे. मुलांस "माथा गाठ" असे सांगणे वडीलधाऱ्यांस सोपे जाते. "वेळेवर परत ये" हे त्यांनी अगोदर सांगावे. पुढील खेपेस नातू निघेल, तेव्हा आम्ही एवढेच सांगणार आहो.