जुन्या वळणाचा कागद : बाइंडिंगवाल्यांसाठी एक जोडधंदा

बारामती, इंदापूर येथे बाइंडिंग, छपाई व फोटो फ्रेमचा व्यवसाय करणाऱ्या आपल्या बांधवांचे बरेचसे काम बिलबुके, वह्या आणि लग्नपत्रिका यांवर चालत आले. आता बिले संगणकावर निघतात आणि दावतीचे आमंत्रण मोबाईलवर जाते. हातातील कसब मात्र तेच आहे. त्याला जोड देणारे एक काम म्हणजे आठवणींची चिकटवही, अर्थात स्क्रॅपबुक. निकाहचे फोटो, पत्रिका, पत्रे, प्रवासाची तिकिटे सजवून जपण्याची ही वही. अमेरिकेत हा शौक जुना आहे. प्रसिद्ध लेखक मार्क ट्वेन यांनी आधीच गोंद लावलेल्या पानांच्या अशा वहीचे पेटंट १८७३ साली घेतले होते.

या वहीत जुनाट दिसणाऱ्या कागदाला मागणी असते. कागद जुना दिसावा, पण वही टिकावी, हे या कामाचे खरे मर्म आहे.

कागद कोणता घ्यावा?

कागदाचा धंदा आपल्याला परका नाही. पुणे जिल्ह्यातीलच जुन्नरचा कागद एके काळी नावाजलेला होता आणि तो बनवणारे मुस्लिम कारागीर ‘कागदी’ म्हणून ओळखले जात. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचे नावही याच हुन्नरावरून पडले. राजस्थानातील सांगानेरची कागजी घराणी आजही हातकागद परदेशी पाठवतात. पुण्यात १९४० साली हातकागद संस्था सुरू झाली.

सुती चिंध्यांचा हातकागद या कामास उत्तम. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातील लिग्निन राहते, त्यामुळे तो लवकर पिवळा पडून ठिसूळ होतो. सुती कागदात ते जवळजवळ नसते. पानांसाठी २०० ते २५० जीएसएमचा अ‍ॅसिड-फ्री कागद घ्यावा. सजावटीच्या तुकड्यांना १२० जीएसएम पुरे.

जुनेपणा कसा आणावा?

चहाचे पाणी : अर्धा लिटर पाण्यात चार-पाच चमचे चहा पावडर उकळून गाळावी. दूध-साखर घालू नये; साखरेने मुंग्या लागतात. गार झाल्यावर स्पंजने कागदावर फिरवावे. आपल्या कोरड्या हवेत कागद लवकर वाळतो, पण उन्हात टाकल्यास वाकडा होतो. सावलीत वाळवून, वर कापड ठेवून बेताची इस्त्री फिरवावी.

सुरकुत्या : कागदावर पाण्याचा हलका फवारा मारून मुठीत चुरगळावा, अलगद उलगडून वजनाखाली वाळवावा. मग तपकिरी स्टॅम्प पॅडवर स्पंज टेकवून फक्त उंचवट्यांवर फिरवावा.

फाटकी कड : फाडायच्या रेषेवर ओला ब्रश फिरवावा, पट्टी दाबून धरावी व हळू फाडावे. रंगीत कार्डाची कड आतून पांढरी असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासल्यावर वापरल्यासारखी दिसते.

मेणबत्तीवर कडा जाळण्याची पद्धत आम्ही सुचवत नाही. काजळी फोटोला लागते, कड झडते आणि कागदाच्या दुकानात आगीशी खेळ परवडत नाही.

फोटो कसे सांभाळावेत?

चहातील टॅनिन आम्लधर्मी असते. म्हणून चहाचा कागद फोटोला थेट लावू नये; मध्ये अ‍ॅसिड-फ्री कागद घालावा. फोटोच्या पाठीला गोंद लावण्याऐवजी फोटो कॉर्नर वापरावेत. बाइंडिंगच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. ती खळ पुठ्ठ्यापुरतीच ठेवावी.

चिकट पानांच्या जुन्या अल्बमनी किती घरांतील फोटो खराब केले, हे गिऱ्हाईकही जाणते. वाडवडिलांचा एकच फोटो असेल तर त्याची प्रत काढून ती वहीत लावावी व मूळ फोटो परत द्यावा.

फोटो लावल्यावर वही पुढून फुगते. यासाठी शिवणीच्या बाजूला प्रत्येक दोन पानांमध्ये एक सेंटीमीटर रुंदीची जाड पट्टी शिवून घ्यावी. घरी शौकाने वही करणाऱ्याला हे सहसा सुचत नाही. बाइंडिंगवाल्याचा फायदा इथेच आहे.

दर आणि सचोटी

दर ठरवताना कागद, पुठ्ठा, कापड यांबरोबर वाया गेलेली पाने आणि आपले तास धरावेत. सुरुवातीला मोठा माल भरू नये. दहा पानांची एक नमुना वही करून दुकानात ठेवावी आणि मागणीप्रमाणे काम घ्यावे. गावातील फोटोग्राफरशी बोलणे केल्यास लग्नसराईत कामे मिळू शकतात.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवावी. कागद जुना दिसवण्याची कला हाती आली की कोणी खरेदीखत, पावती किंवा दाखला ‘जरा जुना करून द्या’ म्हणत येईल. काम किरकोळ वाटले, पैसे बरे मिळाले तरी त्याला नकार द्यावा. तो बनावट दस्तऐवजाचा गुन्हा ठरू शकतो आणि त्यात कारागीरही सापडतो. आपल्या वहीतील कागद नवा असून जुना दिसवला आहे, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे. दुकानाची पत वर्षानुवर्षांनी उभी राहते. ती एका कागदासाठी घालवू नये.